सोमवारपर्यंत वैध

आमच्या शेजारच्या मोरेश्वरदादांनी आम्हाला पहिल्यांदा जेवायला बोलावलं, तेव्हाचा मेसेज मी अजून फोनमध्ये जपून ठेवला आहे. "शनिवारी सायंकाळी सात वाजता आमच्याकडे सहकुटुंब भोजनास यावे. सदर आमंत्रण गुरुवार दुपारी बारापर्यंत वैध. त्यानंतर पदार्थ बदलण्याचा अधिकार राखून ठेवला आहे."

मेलबर्नजवळच्या पॉइंट कुकला राहायला येऊन आम्हाला दोन आठवडे झाले होते. माझा नवरा केदार म्हणाला की माणूस गमत्या दिसतोय. आम्ही शुक्रवारी संध्याकाळी, सगळे पुणेकर कळवतात तसं सावकाश, "हो, येतो" असं कळवलं आणि शनिवारी सात वाजता हजर झालो. टेबलाच्या एका बाजूला पलीकडच्या गल्लीतलं एक मराठी जोडपं श्रीखंड-पुरीवर ताव मारत होतं. आमच्यापुढे मुगाची खिचडी आली.

खिचडी उत्तम होती, हे कबूल केलं पाहिजे. वर साजूक तुपाची धार, बाजूला भाजलेला पापड, आणि वाढणारा हात इतका मायेचा की तक्रार करायला जागाच नव्हती. केदार मात्र समोरच्या वाटीकडे टक लावून बघत होता. ते लक्षात आल्यावर दादा शांतपणे म्हणाले, "त्यांनी बुधवारी कळवलं होतं." निघताना त्यांनी आमच्या हातात श्रीखंडाचा मोठा डबा दिला आणि बजावलं, "रविवार रात्रीपर्यंत संपवा."

तर असे आमचे मोरेश्वरदादा. वय पन्नाशीच्या अलीकडे, अंगात कायम तोच खिशाखिशांचा निळा शर्ट, कानामागे पेन्सिल. वीस वर्षांपूर्वी इथे अकाउंटिंग शिकायला आले, सुट्टीत कुंपणं ठोकायच्या कामाला लागले आणि डिग्री घेऊन झाल्यावरही ठोकतच राहिले. आता त्यांचा स्वतःचा धंदा आहे. लोकांच्या घरामागे लाकडी डेक, मांडवासारखे पर्गोला, व्हरांडे बांधून देतात. गोरे लोक त्यांना 'मो' म्हणतात. घरात एकटेच. लग्न केलेलं नाही, किंवा त्यांच्या भाषेत सांगायचं तर लॅप्स झालं.

ती हकिकत त्यांनीच मला सांगितली. इथल्या मराठी मंडळातल्या एका काकूंनी फार वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी स्थळ आणलं होतं. मुलगी सिडनीला, ब्लॅकटाउनमध्ये, चांगली शिकलेली. दादांनी पहिला प्रश्न विचारला की किती दिवसांत कळवायचं. काकू म्हणाल्या, घाई नाही रे, सावकाश विचार कर. दादांना हे पटलं नाही. म्हणून त्यांनीच आपल्या बाजूने होकार कळवला आणि मुदत घातली चौदा दिवस. तिकडून उत्तर आलं सोळाव्या दिवशी. मी पोट धरून हसले आणि विचारलं, उत्तर काय होतं पण? दादा म्हणाले, "ते मी उघडलं नाही. मुदत संपली होती."

माझ्या मुलीला, सईला, मराठी सगळं कळतं, पण बोलताना ती इंग्रजीतच बोलते. तिचं मत असं की, "मॉम, ही इज सो रँडम." मला मात्र हळूहळू कळत गेलं की दादांइतका नियमात चालणारा माणूस अख्ख्या सबर्बमध्ये दुसरा नाही. फक्त ते नियम त्यांनी स्वतः केलेले होते.

सई शाळेत जायला लागल्यावर मी आठवड्यातून तीन दिवस दादांच्या ऑफिसचं काम बघायला लागले. ऑफिस म्हणजे त्यांच्या गराजचा पुढचा अर्धा भाग. तिथे एक टेबल, एक प्रिंटर, एक मायक्रोवेव्ह, आणि मायक्रोवेव्हच्या वर भिंतीवर फ्रेम करून लावलेलं एक जुनं कोटेशन. धंद्याच्या पहिल्या वर्षी दादांनी एका गृहस्थाला डेकची किंमत लिहून दिली आणि मुदत घालायला विसरले. तो गृहस्थ तो कागद घेऊन तीन वर्षांनी उगवला. दादांनी जुन्या किमतीत त्याला डेक बांधून दिला, कारण शब्द दिला होता. तेव्हापासून मुदत घातल्याशिवाय त्यांच्या तोंडून काही बाहेर पडत नाही. निदान मी तरी बरेच दिवस असं समजत होते की हे सगळं त्या कागदामुळेच झालं.

माझं मुख्य काम म्हणजे कोटेशन टाइप करून पाठवणं. मापं, लाकूड, मजुरी, सगळं ते पेन्सिलीने लिहून आणत. शेवटी एक ओळ असे, हे कोटेशन इतके दिवस वैध. मला वाटायचं, त्यात काय, सरसकट तीस दिवस घालावेत. पहिल्याच दिवशी मी तसं म्हटलं, तर दादांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जणू सगळ्या आजाऱ्यांना एकच गोळी द्या म्हणाले होते.

मुदत ठरवण्याची त्यांची पद्धत होती आणि तिचा लाकडाच्या भावाशी संबंध अगदी थोडा होता. गिऱ्हाइकाच्या घरी गेले की मागचं अंगण मोजायला त्यांना दहा मिनिटं पुरत. उरलेला वेळ ते स्वयंपाकघरात उभं राहून माणसं मोजत. फ्रिजवर दुसऱ्या दोन-तीन बांधकामवाल्यांची मॅग्नेट्स दिसली की सात दिवस. नवरा-बायकोने एकाच वेळी दोन वेगळी उत्तरं दिली की एकवीस दिवस, कारण भांडण मिटायला तेवढे लागतात. जो माणूस तीन वेळा "नो वरीज, मेट" म्हणतो तो परत कधीच फोन करत नाही, त्याला तीन दिवस. आणि पुण्याचा इंजिनिअर असला तर पंचेचाळीस, कारण तो आधी स्वतःची एक्सेल शीट करणार, मग लाकडाबद्दल वाचणार, मग आपल्यालाच शिकवायला येणार. त्यातून सासूबाई व्हिजिटर व्हिसावर येणार असतील, तर त्या उतरल्यावर दहा दिवस वेगळे.

मराठी गिऱ्हाइकांसाठी आणखी एक कलम होतं. पितृपक्षाचे पंधरा दिवस मुदतीत धरलेले नाहीत. दादांचं म्हणणं, आपली माणसं त्या पंधरवड्यात नव्या कामावर सही करत नाहीत, मेलबर्नला आली म्हणून काय झालं, आणि त्यांची मुदत फुकट का घालवायची? एकदा मी घाईत हा मराठी गिऱ्हाइकांचा साचा अल्टोनाच्या एका प्लंबरला पाठवला. त्याचा फोन आला की हे पितृपक्ष काय प्रकरण आहे. दादांनी त्याला पाऊण तास, गरुडपुराण सांगावं तसं, सगळं समजावलं. शेवटी तो प्लंबर म्हणाला की मग आपणही उगाच धोका नको घ्यायला, मेट, काम त्यानंतरच सुरू करू.

रोजच्या बोलण्यातही तेच. कुणी म्हणालं "भेटू एकदा", की दादा म्हणणार, "तारीख बोला." कुणी म्हणालं "बघू", की "कधी बघू? तारीख बोला." गणपतीच्या कार्यक्रमात लोक त्यांच्यापासून दोन हात लांबच उभे राहत. मीही त्यांना पुष्कळ छळलं. एकदा मी रजा मागताना अर्जावर लिहिलं की ही विनंती आज साडेतीनपर्यंत वैध. दादांनी तीन पंचवीसला मंजूर केली आणि मनापासून म्हणाले, "आता तुला काम कळायला लागलं."

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग मार्गरेटचं कोटेशन आलं.

मार्गरेट म्हणजे वेरिबीच्या जुन्या भागात राहणारी, ऐंशीला टेकलेली बाई. तिच्या नवऱ्याला, रॉनला, अर्धांगवायूचा झटका आला होता आणि तो रिहॅब हॉस्पिटलमध्ये होता. घराला मागच्या दारातून चार पायऱ्या. तिथल्या लोकांनी तिला सांगितलं की तो चालायला लागला तर पायऱ्यांना कठडा पुरेल, नाही लागला तर व्हीलचेअरसाठी रॅम्प लागेल, आणि रॅम्प झाल्याशिवाय त्याला घरी सोडता येणार नाही. म्हणून रॅम्पचं कोटेशन घेऊन ठेवा. दादा जाऊन मोजून आले. पेन्सिलीने लिहिलेला कागद माझ्यासमोर ठेवला. खाली लिहिलं होतं, सात दिवस वैध.

मला वाटलं चुकून लिहिलं. म्हटलं, दादा, म्हाताऱ्या माणसांना तर तुम्ही साठ दिवस देता. ते म्हणाले, सातच. मी म्हटलं, फ्रिजवर मॅग्नेट्स होती का? ते म्हणाले, नातवंडांचे फोटो होते. आणि बाहेर निघून गेले.

पुढच्या सोमवारी मुदत संपली. मार्गरेटने सही केली नव्हती. दादांनी मला पुन्हा तेच कोटेशन नव्या तारखेने छापायला सांगितलं, पुन्हा सात दिवस. मी म्हटलं, ईमेल करते. तर नाही, ते स्वतः घेऊन जाणार, कारण म्हणे दार पुन्हा मोजायचं आहे. दुपारी साडेतीनला गेले आणि सहाला परतले, पिशवीभर लिंबं घेऊन. त्याच्या पुढच्या सोमवारीही तेच. दर आठवड्याला मोजून काही दार वाढत नाही, हे मला न समजायला मी काही दूधखुळी नव्हते. ताकाला जाऊन भांडं लपवायचा हा प्रकार होता. पण भांड्यात काय आहे ते कळत नव्हतं. लिंबं मात्र येत राहिली आणि आमच्या घरी लोणच्याच्या तीन बरण्या झाल्या.

खरं सांगते, मला दादांचा राग यायला लागला होता. नवरा आजारी पडलेला, एकटी म्हातारी बाई, आणि हे गृहस्थ दर आठ दिवसांनी तिच्यासमोर मुदत संपल्याचा कागद धरतात. माझी आई तिकडे पुण्यात एकटी आहे. तिच्याकडे कुणी प्लंबर असा दर सोमवारी उभा राहिला तर मला काय वाटेल, असा विचार करकरून मी मनातल्या मनात दादांशी दहा वेळा भांडले.

पाच आठवडे झाल्यावर एका शुक्रवारी मी मनाचा हिय्या केला. दादा जिलाँगला एका छपरावर होते, फोन उचलत नव्हते, आणि खरं तर त्यांनी उचलू नये अशीच माझी इच्छा होती. मी मार्गरेटचं कोटेशन उघडलं, सातच्या जागी साठ लिहिलं आणि तिला ईमेल करून टाकलं. वर एक गोड वाक्यही लिहिलं, की काही घाई नाही, सावकाश ठरवा. घरी जाताना मला फार बरं वाटत होतं.

सोमवारी सकाळी नऊ वाजता ऑफिसचा फोन वाजला. मार्गरेट होती. आवाज अगदी सभ्य, हळू. म्हणाली, लव्ह, या वेळच्या कागदावर साठ दिवस लिहिले आहेत. मी आनंदाने म्हटलं, हो, मीच बदललं. मग तिने विचारलं, "हॉस्पिटलने तुम्हाला काही सांगितलंय का? मला न सांगितलेलं?"

मला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा मी घाईघाईने म्हटलं, नाही नाही, कुणीच काही सांगितलं नाही, माझी टायपिंगची चूक आहे. ती म्हणाली, मो तर नेहमी सात लिहितो. तो म्हणतो, सात दिवसांत काहीही होऊ शकतं. आणि मग मला धन्यवाद देऊन तिने फोन ठेवला. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

थोड्या वेळाने दादा आत आले. मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ते चिडतील, निदान आवाज तरी चढेल. त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसले.

"अगं अनघा," ते म्हणाले, "रॅम्पवर सही करायची म्हणजे रॉन आता चालणार नाही, यावर सही करायची. ते तिला जमत नाहीये. आणि का जमावं? फिजिओ रोज उभा करते त्याला, गेल्या आठवड्यात दोन पावलं टाकली त्याने. आता मी साठ दिवस लिहिले तर मी तिला काय सांगितलं? की बाई, दोन महिने तरी काही होत नाही. सात लिहिले की मीही तिच्याबरोबर थांबलोय, असं होतं. दर सोमवारी चारला आम्ही टेबलाशी बसतो, कागद मध्ये ठेवतो, ती विचारते, काय करू? मी म्हणतो, आणखी एक आठवडा बघू."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, की मधल्या मध्ये लाकडाचा भाव वाढला तर? दादा उठले आणि गराजच्या मागच्या भागात गेले. तिथे कोपऱ्यात ताडपत्रीखाली फळ्या रचून ठेवल्या होत्या, मापाप्रमाणे कापलेल्या, कडा घासून गुळगुळीत केलेल्या. पहिल्याच आठवड्यात घेतल्या होत्या. गिऱ्हाइकाची सही आणि डिपॉझिट आल्याशिवाय एक खिळा विकत घेणार नाही, हे मला रोज ऐकवणारा माणूस ताडपत्री नीट करत म्हणाला, "लागल्या नाहीत तर तिला बाक करून देईन. दोघांना बसायला."

मग त्यांनी सात दिवसांचा नवा कागद छापून घेतला आणि त्या सोमवारी चारची वाट न बघता सकाळी साडेनऊलाच वेरिबीला गेले. मी त्या दिवशी दुपारभर काही काम केलं नाही. स्वतःला फार शहाणी समजणाऱ्या बाईला असा एखादा दिवस अधूनमधून यायला हवा, असं केदार म्हणाला, आणि पहिल्यांदाच मी त्याच्याशी वाद घातला नाही.

आणखी चार सोमवार गेले. मग एका गुरुवारी मार्गरेटने दादांना स्वतःहून बोलावून घेतलं. त्या दिवशी ते लवकर परतले, लिंबं न घेता, आणि सही केलेला कागद माझ्यासमोर ठेवला. म्हणाले, "माझंच पेन मागितलं तिने. सही केली आणि म्हणाली, आता तो घरी तरी येईल." एवढं बोलून ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

रॅम्प त्यांनी शनिवार-रविवारात उभा केला. चौदा हात लांबीला एक हात चढ, असा हिशोब. तपासायला कुठून तरी व्हीलचेअर मागून आणली, स्वतः तिच्यात बसले आणि केदारला मागून ढकलायला लावलं. अकरा वेळा वर, अकरा वेळा खाली. एका फळीपाशी चाक किंचित अडखळतं म्हणून ती फळी काढून पुन्हा बसवली, मग आणखी चार वेळा. केदारचे दोन दिवस खांदे दुखत होते. शेजारचे गोरे आजोबा कुंपणावर हात ठेवून बघत होते. त्यांनी केदारला हळूच विचारलं की त्याच्या वडिलांना हे कधीपासून झालं.

बुधवारी रॉन घरी आला. मी म्हटलं, चला, सुटलो.

पुढच्या सोमवारी मी साडेतीनला बिलं लावत होते. दादा टेबलाशी बसून पेन्सिलींना टोक करत होते. पाच पेन्सिली झाल्या, मग त्याच पुन्हा घेतल्या. मधूनच घड्याळाकडे बघत. मी थोडा वेळ बघितलं आणि शेवटी म्हटलं, जाऊन या की.

"कशाला?" ते म्हणाले. "काम झालं. पैसे आले. कोटेशन तर आता नाही."

मी म्हटलं, दादा, कारण कशाला लागतं? असंच जा. आपल्याकडे नाही का जात, चप्पल घातली की निघाले.

तेव्हा त्यांनी मला जे सांगितलं ते मी विसरणार नाही. इथे आले त्या पहिल्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात एका कुटुंबाशी त्यांची ओळख झाली. बाईंनी अगदी आग्रहाने सांगितलं, एकदा जेवायला या हं आमच्याकडे. दादांनी नवा शर्ट घेतला. कधी ते सांगितलं नव्हतं, म्हणून दर शनिवारी कामाची शिफ्ट घ्यायची नाही असं ठरवलं. "सहा शनिवार मी शिफ्ट घेतली नाही," ते म्हणाले. "मग कळलं, इथे ते तसं म्हणायची पद्धत आहे. माणसं वाईट नव्हती. तारीख सांगितली असती तर बरं झालं असतं, एवढंच. बोलवायचं नसतं तर तसंही चाललं असतं."

ते हे अगदी साधेपणाने, तक्रार न करता सांगत होते आणि माझी मान खाली जात होती. चार वर्षं हा माणूस आमच्या कुंपणाला कुंपण लावून राहत होता. आम्ही त्यांच्याकडे कितीदा जेवलो, वेळेवर कळवून श्रीखंडही खाल्लं. आणि मी दर वेळी दारातून निघताना म्हटलं होतं, आता तुम्ही या एकदा आमच्याकडे. एकदाही दिवस सांगितला नव्हता. मला वाटायचं, तारीख बोला हा त्यांचा विनोद आहे.

मी म्हटलं, तुम्ही आधी उठा. ते उठले. म्हणाले, रॅम्पचे स्क्रू ढिले झालेत का तेवढं बघून येतो. आणि ड्रिल उचललं. मी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. टेप घेतली, तीही काढून घेतली. शेवटी ते रिकाम्या हातांनी गाडीत बसले आणि हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. ते गेल्यावर मी त्यांना मेसेज पाठवला. या शनिवारी, संध्याकाळी सात, आमच्याकडे. उत्तर एका मिनिटात आलं. गाडी अजून कोपऱ्यावरच थांबलेली असणार.

मंगळवारी सकाळी ते नेहमीपेक्षा उशिरा ऑफिसात आले. त्यांनी चहा करून घेतला, माझ्यापुढेही कप ठेवला, आणि माझ्याकडे पाठ करून मायक्रोवेव्हशी उभं राहून बोलायला लागले. चारला दहा कमी असताना ते पोहोचले होते. पण आत जाऊन काय सांगायचं ते ठरेना, म्हणून गाडीतच बसून राहिले. सव्वाचारला उतरले आणि बाजूने मागच्या अंगणात गेले. रॉन रॅम्पच्या वरच्या टोकाला व्हीलचेअरमध्ये बसला होता. मार्गरेटने तीन कप मांडले होते आणि चहावर रुमाल झाकून ठेवला होता. रॉनने दादांकडे बघितलं, आतल्या घड्याळाकडे बघितलं आणि पुन्हा दादांकडे बघितलं.

"म्हणाला, लेट."

मी म्हटलं, रॉन बोलला?

"एवढंच बोलला. तोंड वेडंवाकडं करून, पण स्पष्ट. लेट." दादांनी कपातला चहा ढवळला. साखर तर ते घेत नाहीत. "मार्गरेट म्हणते, दिवसाला चार-पाच शब्द येतात त्याला. फार कष्टाने येतात." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "त्यातला एक माझ्यावर घालवला त्याने."